स्पिंडल सँडर घ्यायचाय, कुठला घेऊ? की ड्रिल प्रेसवरच भागेल?

शिसवी
नमस्कार मंडळी. सावंतवाडीजवळ आमचं छोटं वर्कशॉप आहे, मी, धाकटा भाऊ आणि दोन मिस्त्री. लाकडी खेळणी, ट्रे, मुलांची स्टुलं, झुलते घोडे असलं काम करतो, लाकूड बहुतेक सागवान आणि आंबा, कधीतरी बीच. बाहेरची रेघ बँडसॉवर कापली जाते, तिथपर्यंत सगळं झकास, पण आतली गोलाई आली की गाडी अडते. घोड्याच्या मानेखालचा बाक, ट्रेच्या मुठीचं भोक, स्टुलाच्या पायामधली कमान, तिथे अर्धगोल कानस मारायची, मग दांडक्याला पॉलिश पेपर गुंडाळून घासत बसायचं, आणि इतकं करून एका मिस्त्रीचा बाक दुसऱ्याशी जुळत नाही ते वेगळंच. म्हणून स्पिंडल सँडर, म्हणजे उभ्या दांड्यावर काचकागद चढवलेला ड्रम फिरवून आतली गोलाई घासणारं मशीन, घ्यायचं डोक्यात आहे. बजेट वीस-पंचवीस हजार, फार तर तीस. भाऊ म्हणतो ड्रिल प्रेस (उभं ड्रिल मशीन) आहे ना, त्यातच ड्रम लाव, कशाला आणखी एक धूड. प्रश्न असे की वरखाली होणाराच हवा का नुसता फिरणारा चालेल, टेबलावर ठेवायचा घ्यावा का जमिनीवरचा, आणि त्याच्या स्लीव्ह, म्हणजे ड्रमवर चढवायच्या काचकागदाच्या नळ्या, आपल्याकडे मिळतात का. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

गुण्या
ताई, मशीन कुठलं ते नंतर बघू. आधी तुमच्या सगळ्या डिझाइनचे टेम्प्लेट टेबलावर पसरा आणि सर्वात अरुंद बाक केवढा आहे ते मोजा. ड्रमची त्रिज्या बाकाच्या त्रिज्येपेक्षा कमी हवी, नाहीतर तो आत बसणारच नाही, हे उघड आहे. पण लोक याचा उलटा अर्थ काढतात आणि सगळीकडे बारकाच ड्रम वापरत बसतात. बारीक ड्रमने लांब बाक घासला की लाटा उठतात, पॉलिश चढवल्यावर त्या अशा चमकतात की गिऱ्हाईक लांबून बोट दाखवतं. जो बसेल त्यातला मोठ्यात मोठा ड्रम लावायचा, हा पहिला नियम.

दुसरं म्हणजे कागदाचा खर्च. १३ मिमीच्या स्लीव्हचा घेर जेमतेम ४१ मिमी, ७६ मिमीच्या स्लीव्हचा २३९. म्हणजे तेवढंच काम करताना बारक्या स्लीव्हचा प्रत्येक दाणा जवळजवळ सहापट वेळा लाकडाला लागतो. शिवाय मशीन २००० आरपीएमचं धरलं तर मोठ्या ड्रमचा कागद मिनिटाला पावणेपाचशे मीटरच्या वेगाने पळतो आणि बारक्याचा ऐंशीच्या आसपास. बारका म्हणून हळू कापतो, हळू कापतो म्हणून माणूस दाबतो, दाबलं की गरम होतो आणि लाकूड काळं. तेव्हा अरुंद बाक किती आणि रुंद किती हे सांगा, मग बोलू.

बोहरीआळीकर
भाऊ बरोबर बोलतोय तुमचा. मी ड्रिल प्रेसवर रबरी ड्रम लावून कित्येक वर्षं काम केलंय, काही झालं नाही. रविवार पेठेत ड्रमचा सेट मिळतो, मुंबईकडचे असाल तर नागदेवीला मिळेल. पैसे वाचवा आणि त्यात चांगला क्लॅम्पचा सेट घ्या.

रंधा_मारके
@बोहरीआळीकर काका, काही झालं नाही म्हणजे तुमचं नशीब आणि तुमचा हलका हात. ड्रिल प्रेसची बेअरिंगं वरून खाली येणाऱ्या दाबासाठी असतात, बाजूने सतत रेटा सोसायला नाही. बरेच चक, म्हणजे ड्रिल धरणारे जबडे, तर नुसत्या टेपरवर (निमुळत्या दांड्यावर), घर्षणाने अडकलेले असतात, बाजूने रेटा आणि थरथर मिळाली की चक ड्रमसकट खाली येतो, आणि तो फिरत असताना खाली येतो हे लक्षात घ्या.

तरी कधीमधी करायचंच असेल तर क्विल (चक वरखाली नेणारी नळी) पूर्ण वर ठेवून करा, लांब बाहेर काढून नको. आणि प्लायचं खोक्यासारखं टेबल बनवा, वरच्या फळीला ड्रमपेक्षा किंचित मोठं भोक, ड्रमचं खालचं तोंड त्या भोकात उतरलेलं हवं. नाहीतर फळीची खालची कड घासलीच जात नाही, तिथे ओठासारखी रेघ राहते. खोक्याच्या बाजूला व्हॅक्युमचा पाइप लावला की धूळही बरीच आटोक्यात. महिन्यातून चार तुकडे असतील तर एवढ्यात भागतं. यांचं काम शेकड्यानं आहे, तिथे नाही भागणार.

बोहरीआळीकर
हलका हात ही तर सुताराची पहिली अट आहे :) पण चक पडण्याचा मुद्दा मान्य. एकाचा पडलेला पाहिलाय.

नवशिक्या
भाबडा प्रश्न, पण वरखाली कशासाठी? फिरतोय तेवढं पुरे नाही का?

रंधा_मारके
नुसता फिरणारा ड्रम असेल तर प्रत्येक दाणा लाकडावर त्याच एका आडव्या रेघेवरून जात राहतो. एखादा दाणा जरा मोठा असला की त्याची खाच पडते आणि दर फेऱ्याला ती खोल होत जाते. कागदाचा तेवढाच पट्टा भुश्याने बुजतो, बुजला की कापणं बंद, नुसतं घासून तापवणं सुरू. वरखाली होत राहिलं की दाणे तिरके जातात, खाचा एकमेकींना पुसतात, कागद सारखा झिजतो आणि थंड राहतो. बेंचटॉप (टेबलावरचं) मशीन साधारण मिनिटाला साठेक वेळा वरखाली होतं, दर वेळी सोळा-अठरा मिमी. म्हणजे सेकंदाला एक हेलकावा, दिसायला अगदी संथ वाटतो. आंबा किंवा बीचचा आडवा छेद, जिथे रेषांची टोकं वर येतात, तो दोन्ही पद्धतीने घासून बघा म्हणजे फरक कळेल.

ओहायोचा_बंड्या
इकडे अमेरिकेत घरातल्या गराजमध्ये माझ्याकडे रिजिड कंपनीचं ईबी ४४२४ मशीन आहे, त्यात स्पिंडल काढून ४ बाय २४ इंची पट्टा बसवता येतो, म्हणजे एका मशीनमध्ये दोन कामं आणि दोन्ही वरखाली होतात. बाहेरची कड पट्ट्यावर, आतली ड्रमवर. जागा कमी असेल तर यासारखं काही नाही. इकडच्या हौशी सुतारांत फार लोकप्रिय आहे. कोणी येणार असेल तर आणायला सांगा.

सांगलीकर_आप्पा
बंड्या, भारी. ११० व्होल्टचं आहे ना? ट्रान्सफॉर्मर लावला की झालं काम. आमच्या चुलत्यांनी असाच मिक्सर चालवला.

वीजमापक
आप्पा, थांबा. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. तिकडे ६०, आपल्याकडे ५०. मिक्सरमध्ये ब्रशवाली युनिव्हर्सल मोटर असते, तिला हर्ट्झचं सोयरसुतक नसतं म्हणून चालला. इंडक्शन (बिनब्रशची) मोटर असेल तर गोष्ट वेगळी, तिकडची १७२५ आरपीएमची मोटर इथे १४४० च्या आसपास फिरणार आणि वरखाली होणंही त्याच प्रमाणात मंदावणार. मंद फिरली तर एकवेळ चालवून घेता येतं, पण ६० हर्ट्झची मोटर ५० वर पूर्ण १२० व्होल्टने चालवली की जास्त करंट खेचते आणि तापते. त्या प्रमाणात व्होल्ट १०० पर्यंत उतरवावे लागतात. एवढं करून वॉरंटी नाही, सुटे भाग नाहीत, आणि इतकं जड धूड विमानातून आणायचं. नेमप्लेटवर २२०–२४० व्होल्ट, ५० हर्ट्झ असं छापलेलं असेल तरच हात लावा. ऑनलाइन घेणार असाल तर विकणाऱ्याकडून नेमप्लेटचा फोटो मागवा, कॅटलॉगमधलं चित्र नको.

ओहायोचा_बंड्या
हे माहीत नव्हतं. माझी ऑफर रद्द समजा, चॉकलेटं आणतो त्यापेक्षा.

पटाशी
इतकी चर्चा यंत्राची. आमच्या आजोबांनी कानस, रंधा आणि काचकागदावर घरंच्या घरं उभी केली. हाताने केलेल्या खेळण्याला जी ऊब असते ती या भुरभुर करणाऱ्या डब्यातून येणार आहे का?

शिसवी
@पटाशी, ऊब आहे हो, पण ती मिस्त्रींच्या मनगटात आहे आणि हल्ली रात्री तिला बाम लावावा लागतो. शेवटचा हात कागदाने हातानेच मारणार, ते कुठे सोडतोय.

बाकी सगळ्यांचे आभार. गुण्याकाका, मोजून घेतलं. सर्वात अरुंद बाक घोड्याच्या कानामागे, त्रिज्या १० मिमी. तो सोडला तर बाकी सगळे २५ ते ४५ मिमी त्रिज्येत. जाडी बहुतेक १८ ते ४० मिमी, झुलत्या घोड्याचं डोकं फळ्या जोडून केलेलं असतं ते ७० पर्यंत जातं.

गुण्या
छान, आता चित्र दिसतंय. १० च्या त्रिज्येला १९ मिमीचा ड्रम जेमतेम बसेल, साडेनऊ त्रिज्या होते त्याची. माझं ऐकाल तर डिझाइनमध्ये तो बाक १४-१५ चा करून टाका, घोड्याला कळणार नाही आणि तुम्हाला २६ चा ड्रम चालेल. उरलेल्या सगळ्याला ३८ आणि ५१. म्हणजे तीनच मापांच्या स्लीव्ह साठवायच्या. सेटमध्ये सहा मापं आली तरी बाकीची खोक्यातच राहतात, सगळ्यांचं तसंच होतं.

जाडी ७० पर्यंत म्हणजे बेंचटॉप पुरेल. त्यांच्या स्लीव्ह बहुधा साडेचार इंच उंच असतात, ११४ मिमी. जमिनीवरच्या मशीनला उंच स्लीव्ह मिळतात, ओतीव लोखंडाचं टेबल असतं, मोटर मोठी असते, पण ते फर्निचरवाल्यांचं काम. उंच खुर्च्यांचे पाय जुडी करून घासायला. तुमच्या बजेटमध्येही नाही आणि तुम्हाला गरजही नाही.

तिरकं होणारं टेबल मिळालं तर घ्या, खेळण्यांना कडा तिरक्या लागतातच. मात्र तिरकं टेबल परत सरळ केल्यावर शून्याच्या खुणेवर विश्वास ठेवू नका, दर वेळी गुण्या (सुताराचा काटकोन) उभा करून ड्रमशी लावून बघा. (नावाला जागतोय.)

मिरजेचा_गिटारी
मी गिटार आणि युकुलेली बनवतो. आमच्या गावाला सतार-तंबोऱ्याची परंपरा, तिथे मी असला उलट्या डोक्याचा. गिटारच्या कंबरेचा बाक या मशीनशिवाय मी आता करूच शकत नाही. एक युक्ती सांगतो जी कॅटलॉगमध्ये नसते. शिसवीताई, तुम्ही म्हणालात ना, एका मिस्त्रीचा बाक दुसऱ्याशी जुळत नाही, त्यावर हा उपाय आहे.

ड्रमच्या बरोबर व्यासाची एक चकती ६ मिमी प्लायची कापायची आणि तिच्या मधोमध स्पिंडलच्या दांड्याला मोकळं जाईल एवढं भोक पाडायचं. ती ड्रमच्या खाली, टेबलाच्या पृष्ठावर नेमकी मध्यावर पक्की करायची, ती फिरत नाही, नुसती बसून राहते. ड्रमचं तोंड चकतीच्या वर येईल असं स्पिंडलवर एखादा जाड वॉशर घालून उचलून घ्यायचं, हेलकावा खाली आला तरी चकतीला टेकता कामा नये हे हाताने फिरवून तपासा. आता तुकड्याच्या खाली एमडीएफचा (लाकडी भुसा दाबून केलेल्या फळीचा) टेम्प्लेट दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपने लावला, की टेम्प्लेट चकतीला टेकून सरकतो आणि वरचं लाकूड ड्रम बरोबर तेवढंच खातो, टेकलं की थांबतो. पहिला घोडा आणि शेवटचा घोडा एकमेकांवर ठेवले तरी कड सरकत नाही. फक्त बँडसॉवर कापताना रेघेच्या बाहेर एक मिमीच ठेवा. तीन-चार मिमी ठेवून सँडरला खायला लावाल तर कागद आणि लाकूड दोन्ही जळेल, हे मशीन कापायचं नाही, गुळगुळीत करायचं आहे.

आणि तुकडा नेहमी ड्रमच्या फिरण्याच्या विरुद्ध सरकवायचा. त्याच दिशेने नेलात तर ड्रम हातातून ओढून घेतो.

रंधा_मारके
+१, चकतीवाली युक्ती वाचनखूण म्हणून साठवली.

त्यात भर. १८ मिमीचा तुकडा घासताना साडेचार इंची स्लीव्हचा फक्त खालचा भाग झिजतो, वरचा कोरा करकरीत राहतो आणि लोक ती स्लीव्ह फेकून देतात. प्लायची एक उंच फळी भोक पाडून टेबलावर ठेवा, दोन क्लॅम्प मारा, की वरचा भाग वापरात. स्लीव्हवर आत बाणाची खूण नसेल तर उलटी करूनही घालता येते, बाण असेल तर नको, सांधा उकलतो.

शिसवी
हे सगळं सोनं आहे. पण स्लीव्ह? इथे जवळच्या दुकानात विचारलं तर तो म्हणाला मॅडम पॉलिश पेपर किती शीट देऊ.

बोहरीआळीकर
इथे मी कामाचा आहे, कारण खरी गोम इथेच आहे. मशीन एकदा घेता, स्लीव्ह जन्मभर. विलायती मापाची स्लीव्ह संपली की मशीन शोभेचं. म्हणून घ्यायच्या आधी विकणाऱ्याला विचारा की नुसत्या स्लीव्ह देतोस का, ८०, १२० आणि १५० या तिन्ही ग्रिटमध्ये (आकडा जितका मोठा तितका दाणा बारीक) देतोस का. हो म्हणाला तर मशीनबरोबरच घेऊन टाका भरपूर. कां कूं केलं तर दुसरा बघा, मशीन कितीही देखणं असो. पुणे-मुंबईत पट्टे जोडून देणारी दुकानं आहेत, एमरी क्लॉथच्या (कापडी काचकागदाच्या) रोलमधून तुमच्या मापाची स्लीव्ह करून देणारा एखादा त्यांच्यात निघतो, पण बारक्या व्यासाला ते हात लावत नाहीत, सांधा उचलला जातो.

आणि तुमच्याकडे खराद (लाकूड फिरवून गोल करायचं मशीन) आहे का? सावंतवाडीत नसेल तर कुठे असणार. मग फट पाडलेला लाकडी ड्रम स्वतःच काढा. फट उभी करवतीने पाडायची, कापडी एमरीचा तुकडा गुंडाळून दोन्ही टोकं फटीत सारायची आणि लाकडी पाचर ठोकायची. रोल मीटरवर मिळतो, नॉर्टन, क्युमी, जॉन ओकी कुठल्याही चांगल्या कंपनीचा घ्या. ५१ आणि त्याच्या वरच्या मापाला हे मस्त चालतं, खाली नाही. पाचर मात्र ड्रमच्या पृष्ठाच्या आत राहिली पाहिजे.

शिसवी
खराद दोन आहेत! हे भाऊच करेल, त्याचंही समाधान.

डॉ_भुसकट
उशिरा आले, पण धुळीबद्दल अजून कुणी नीट बोललं नाही म्हणून लिहिते. रंध्याची साल जमिनीवर पडते, सँडरची धूळ हवेत राहते आणि तुम्ही ती ओढता. लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकली आहे, मुख्यतः नाकाच्या आणि सायनसच्या कर्करोगामुळे. सागाच्या धुळीने त्वचेला खाज, पुरळ, दमा हेही होतं आणि एकदा अंगात बसलं की थोड्या धुळीनेही उठतं. एमडीएफमध्ये तर रेझिनही आलं. तोंडाला रुमाल बांधणं म्हणजे मनाची समजूत, एन९५ लावा आणि तो नाकाशी नीट बसवा. बेंचटॉपला मागे पाइपचं तोंड असतं ते साधारण दीड इंची, त्याला घरगुती झाडायचा व्हॅक्युम लावला तर पिशवी लगेच गुदमरते. मध्ये एक सायक्लोन झाकण (हवा गरगर फिरवून भुसा खाली पाडणारं) आणि बादली लावा, बहुतेक भुसा बादलीत पडतो. मिस्त्रींना मास्क आवडणार नाही. तरी लावायला लावा.

पटाशी
हे मात्र पटलं. आजोबा खोकतच गेले.

रंधा_मारके
सागवानाचं आणखी एक, त्याच्या तेलाने स्लीव्ह फार लवकर बुजते. पट्टे साफ करायची रबराची कांडी मिळते ती चालू ड्रमवर हलकी टेकवायची, भुसा निघून दाणे मोकळे होतात. कांडी नसेल तर क्रेप रबरचा चपलेचा जुना तळवा चालतो, पांढरट पिवळा, काळा नको. हातमोजे घालून कधीही काम करू नका, ड्रम आणि टेबलातल्या फटीत मोजा गेला की बोट पाठोपाठ. ज्या मापाचा ड्रम त्याच मापाची रिंग टेबलात बसवायची ती याचसाठी. अंगठ्यापेक्षा लहान तुकडा हातात धरून घासू नका, चिमट्यात किंवा फळीला चिकटवून घासा.

शिसवी
अपडेट. वीजमापकांनी सांगितलं तसा नेमप्लेटचा फोटो मागवला तर पहिल्या विक्रेत्याने फोनच उचलणं बंद केलं. दुसऱ्याने पाठवला, २३० व्होल्ट ५० हर्ट्झ, ४५० वॉट, टेबल तिरकं होणारं, पट्टा नाही नुसता स्पिंडल. स्लीव्ह सुट्या देतो म्हणाला, तिन्ही ग्रिट, म्हणून तोच घेतला. बजेटमध्ये बसलं, उरलेल्यात सायक्लोन बादली आणि मास्क. मशीन आल्यावर काकांनी सांगितल्याप्रमाणे गुण्या लावला तर टेबल शून्यावर असूनही मागे झुकलेलं होतं, खुणेची पट्टीच तिरकी बसवली होती, ती सैल करून सरळ केली. कानामागचा बाक मोठा केला, खरंच कुणाला कळलं नाही.

चकती बसवून घोड्याच्या माना काढल्या. दोन्ही मिस्त्रींनी केलेल्या एकमेकींवर ठेवून बघितल्या आणि मोठे मिस्त्री म्हणाले, आता माझी कुठली ते मलाच ओळखता येत नाही. आनंदाने म्हणाले की नाराजीने ते मात्र कळलं नाही.

एक अडचण आहे, पावसाळी हवेत दोन स्लीव्ह सांध्यात सुटल्या. काय करावं?

मिरजेचा_गिटारी
कोकण म्हणजे होणारच. पिठाचा जुना हवाबंद डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि स्लीव्ह उभ्या ठेवा, एकावर एक रचून चेपू नका. रात्री मशीनवर चढवलेली ठेवू नका, नट सैल करून काढून डब्यात. ड्रमचं रबरही त्यामुळे फुगलेलं राहत नाही. आणि नट आवळताना स्लीव्ह हाताने फिरवून बघा, घसरायची थांबली की पुरे, त्याच्यापुढे आवळलं की रबर मधे फुगतं आणि सांध्यावर ताण येतो. सुटलेल्या दोन फेकू नका, कापून हाताने घासायला घ्या.

नवशिक्या
शिसवीताई, शेवटी कुठल्या ग्रिटवर थांबता? १५० नंतर थेट तेल लावता का?

शिसवी
सागाला मशीनवर ८० मग १५०, त्यानंतर हाताने २२०, रेषांच्या दिशेने. आंब्याला ८० वापरत नाही, फार खातो, १२० पासून सुरू. ज्यावर रंग चढणार त्या खेळण्यांना १५० वरच थांबतो, जास्त गुळगुळीत केलं की रंग नीट धरत नाही.